मेश्रामदादांचा बंद प्रिंटर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी कॉम्प्युटरवर, युनिक्स सिस्टिमवर काम केलेला माणूस... मशीन वेडंवाकडं वागलं तर कुठेतरी आपणच चूक केलेली असते, एवढंच मला माहीत!

अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा. नागपूर, रामदासपेठ, दुसऱ्या मजल्यावरचं आमचं ऑफिस. एक मोठं मशीन आणि टेबलांवर त्याला जोडलेली बारा टर्मिनल्स, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड. कुठलं टर्मिनल चालू, कुठलं बंद, हे मशीनमधल्या एका फाइलमध्ये लिहिलेलं असे. ती फाइल आमचे टेक्निशियन, सक्करदऱ्यात राहणारे मेश्रामदादा, ह्यांनी बसवलेली. केबल्सही त्यांनीच ओढलेल्या.

एका दुपारी मॅनेजरसाहेबांनी पाहुण्यांसमोर शायनिंग मारायला ती फाइल स्वतः उघडली आणि बाराही टर्मिनल्स बंद करून बसले. सगळ्यांचं सकाळपासूनचं काम गेलं. मी शेजारच्याच टर्मिनलवर होतो. मशीनवर कोण, कुठून, किती वाजता आलं हे कोपऱ्यातला प्रिंटर छापत असे. साहेबांनी तो कागद टरकन फाडून खिशात घातला – आणि दादांवर ढकललं. दादांना काढून टाकलं.

जाताना दादा जिन्यात भेटले. "तुले तर दिसलं होतं ना गा? मंग बोलून काहून नाही राहिला?"

माझी नोकरी नवी होती. मी त्यांच्या बाजूनं वर ऑफिसात निघून गेलो.

दोन महिन्यांत दादा हार्ट अटॅकनं गेले. त्यांच्या घरी गेलो तेव्हा सुशीलावहिनी म्हणाल्या, "माणूस तर गेला भाऊ, पण त्याइच्या नावावरचा डाग काढा." साहेबाचा असा संताप आला... वाटलं, ह्याची सगळ्यांसमोर नाचक्की झालेली मला बघायचीच आहे.

साहेबांचं प्रमोशन झालं. भर सकाळी, चहा-समोसे, हेड ऑफिसचे मोठे साहेब आलेले. कोपऱ्यातल्या प्रिंटरची लाइनही साहेबांच्या सांगण्यावरून मीच त्या फाइलमध्ये बंद केली होती. केबल काढून खिळ्याला टांगलेली. आणि तो खडखडायला लागला!

मोठ्या साहेबांनी कागद ओढून मोठ्यानं वाचला. तोच दिवस, तीच वेळ. आमच्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलावरून, त्यांचंच लॉगिन. मॅनेजरसाहेबांचा चेहरा पांढराफटक! मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? भोग म्हटलं आता.

प्रिंटर थांबला नाही. त्यानं आणखी एक ओळ छापली. शेजारचं टर्मिनल, माझं नाव.

"तुम्ही तिथेच होता?" मोठ्या साहेबांनी मला विचारलं.

"हो," म्हटलं. मग सगळंच सांगितलं.

मॅनेजरसाहेबांची नोकरी गेली. दादा निर्दोष असल्याचं, माझी साक्ष जोडलेलं पत्र घेऊन मीच सक्करदऱ्याला गेलो. वहिनींनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे तुमाले माहीत होतं भाऊ?" एवढंच विचारलं आणि दार लावून घेतलं.

केबल नसताना, लाइन बंद असताना ते छापलं कसं, ह्याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. साहेबांच्या खाली माझं नाव का छापलं, हे मात्र मला कुणाला विचारावं लागलं नाही.