यालझाने सुनेला दिलेली टर्की

झागोर्येच्या टेकड्यांत कुणाकडे लग्न किंवा बारसं निघालं की दोन माणसांना आधी निरोप जायचा, एक पाद्रीबाबांना आणि दुसरा यालझाला. पाद्रीबाबा आजारी पडले तर शेजारच्या गावचे मिळतात, पण यालझा आजारी पडली तर लग्नच पुढे ढकलावं, असं लोक म्हणत. निदान यालझाच्या मते तरी म्हणत.

कारण टर्की. बाई ठेंगणी आणि आडवी, डोक्याला बारमाही रुमाल, हातात बहुधा काहीतरी धारेचं. टर्की पाळायची तिनेच, मारायची तिनेच, पिसं काढायची तिनेच आणि भाजायची तर तिनेच. टर्कीबरोबर म्लिन्त्सी हवेतच. कणकेची पातळ, कोरडी पोळी मोडायची, उकळत्या पाण्यात भिजवायची आणि टर्कीच्या गळलेल्या चरबीत घोळवायची. म्लिन्त्सी सगळ्याच बायका करत, पण यालझाच्या म्लिन्त्सीपुढे बाकीच्यांचे म्हणजे ओला पुठ्ठा. हेही यालझाचंच मत.

तिचा नवरा इम्ब्रो बोलण्याच्या बाबतीत पक्का कंजूष. सगळा संसार झाला, पण बायकोच्या टर्कीला त्याने एकदाही ‘छान’ म्हटलं नव्हतं. खाऊन झालं की पावाच्या तुकड्याने ताट लख्ख पुसायचा आणि उठायचा. पुसलेलं ताट हीच शाबासकी, असं यालझाने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. त्यावर तिचं बरं चाललं होतं.

मग सून आली.

इकडे प्रत्येक घराला वरचा मजला असतो. तो मुलासाठी बांधायचा असतो आणि मुलगा जर्मनीला निघून गेला की त्यात कांदे वाळत घालायचे असतात. यालझाचा क्रेशो प्रवासी जहाजावर आचाऱ्याच्या हाताखाली होता. तो चक्क परत आला, फक्त एकटा आला नाही. बरोबर बेथनी होती, अमेरिकेतल्या नेब्रास्काची, उंच, लालबुंद गालांची. कांदे खाली आले, बेथनी वर गेली.

सून वाईट असती तर सोपं होतं. यालझाने उन्हाळाभर खोट शोधली, पण मुलगी लवकर उठायची, भाषा चुकतमाकत बोलायची आणि चुकली की स्वतःच आधी हसायची. यालझाला पहिल्या दिवसापासून ‘आई’ म्हणायची. असल्या सुनेचं करायचं काय?

नोव्हेंबरात एकदा ती खाली आली.

“आई, मला एक टर्की हवी. मोठी. गुरुवारी आमचा सण आहे.”

“गुरुवारी? गुरुवारी कुठल्या संताला टर्की लागते?”

“संत नाही, आई. आभाराचा सण. तिकडे सगळं घर जमतं, टर्की भाजतात. ह्या वर्षी पहिल्यांदाच मी तिथे नाही, म्हणून इथे करते. सगळं मी करणार. तुम्ही नुसतं बसायचं.”

नुसतं बसायचं! यालझाच्या घरात, यालझाच्या टर्कीपुढे, यालझाने नुसतं बसायचं. ती वरवर हसली आणि हातातला बटाटा गरजेपेक्षा जास्तच सोलला.

ह्या आगीत उरलेलं तेल त्रेझाने ओतलं. त्रेझा म्हणजे तिची कूमा, क्रेशोची धर्ममाता. नात्याने जवळची, आणि टर्की पाळणारी गावातली दुसरी बाई. रविवारी चर्चबाहेर तिने गाठलंच.

“काय ग कूमा, आता अमेरिकेहून माणसं येऊन आपल्याला टर्की शिकवणार म्हणे?”

“पोरीची हौस आहे. करू दे.”

“करू दे, करू दे. सुनेच्या हातचं आयतं खायला नशीब लागतं. मलाही बोलावलंय तिने. आणि नाताळची टर्कीही तीच करणार म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“तुझाच क्रेशो. दुकानात सांगत होता, आई थकली आता, यंदा तिला आराम.”

नाताळ! नाताळची टर्की गेली म्हणजे यालझाकडे राहिलं काय? डोक्यावरचा रुमाल. घरी येईपर्यंत तिला चढावर धाप लागली नाही. रागात चढ कळत नाही.

मंगळवारी ती अंगणात उभी राहिली. यंदाच्या कोवळ्या टर्की पायात घोटाळत होत्या. पलीकडे लाकडांच्या ढिगावर बोल्तेक उभा होता. बोल्तेक म्हणजे कळपाचा नर, पाच वर्षांचा, दोनदा पोस्टमनला आणि एकदा पाद्रीबाबांना चावलेला. त्याची तंगडी म्हणजे बुटाचा तळवा. शहाणं माणूस असला नर मरेपर्यंत पाळतं, आणि मेला की पुरतं.

“मोठी मागितली ना?” यालझा स्वतःशीच म्हणाली. “मोठीच देते.”

मारण्याआधी टर्कीच्या घशात घोटभर ब्रँडी ओतायची, म्हणजे मांस सैल पडतं, ही इथली जुनी रीत. यालझाने ती आयुष्यात चुकवली नव्हती. ह्या वेळी तो घोट तिने स्वतः घेतला. मग पिसं काढली, डोकं आणि पाय तोडून टाकले, कारण वय पायांवर दिसतं, आणि वर नेऊन दिली.

“बापरे, केवढी!” बेथनीने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. “आई, तुम्ही किती चांगल्या आहात!”

यालझाला मन खाऊ लागलं. जिना उतरेपर्यंत खात होतं, खालच्या पायरीवर थांबलं.

मग सुरू झाली परीक्षा. बेथनीला मोठं भांडं हवं होतं. यालझाने कोबी मुरवायचं लाकडी पिंप दिलं. त्यात पाणी, मीठ, मध आणि कसला कसला पाला घालून पोरीने बोल्तेकला बुडवलं आणि गार गच्चीत ठेवून दिलं.

“मेलेल्याला आंघोळ घालतेस होय?”

“मुरायला ठेवलंय, आई. हाडं फार जाड आहेत हिची. माझी आजी शेतावरची. ती म्हणायची, हाड जाड असेल तर घाई करायची नाही.”

यालझा घाईने जिना उतरली. खाली इम्ब्रो दारात उभा होता.

“अंगण गप्प आहे आज,” तो म्हणाला.

“थंडी पडलीय.”

इम्ब्रोने लाकडांच्या ढिगाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि पाइप पेटवला.

गुरुवारी उजाडायच्या आधीच वरची भट्टी लागली. दिवसभर मंद आचेवर, झाकण घालून. दुपारनंतर जिन्यावरून वास यायला लागला आणि यालझाला खाली बसवेना. वास वाईट नव्हता, तीच तर अडचण होती. तिने म्लिन्त्सी करायला घेतले. कुणी सांगितलं नव्हतं, पण टर्की तुटली नाही तर लोक उपाशी उठायला नकोत. अशा वेळी यालझाचे म्लिन्त्सीच घराची अब्रू राखतील. चर्रकन पाणी ओतताना ती गुणगुणतसुद्धा होती.

टेबलावर साखर घातलेली रताळी होती, टर्कीच्या पोटातून काढलेला मसालेदार पाव होता, आणि यालझाच्याच तळघरातला जंगली गुलाबफळांचा मुरंबा होता. मांसाबरोबर मुरंबा! यालझाने त्रेझाकडे पाहिलं. त्रेझाने तिच्याआधीच नाक मुरडलं होतं.

क्रेशोने सुरी लावली. यालझाने श्वास रोखला. सुरी अडली नाही. तंगडी नुसती ओढली तर हाडावरून हातात आली, जणू बोल्तेक आयुष्यभर कुणीतरी प्रेमाने मागावी म्हणून थांबला होता.

यालझाने एक घास खाल्ला. मग दुसरा, पहिल्यावर विश्वास बसेना म्हणून. मऊ होता मेला. पाच वर्षांचा दांडगा नर, आणि लोण्यासारखा मऊ. तिच्या तळपायापासून मस्तकापर्यंत आग गेली.

“चरबी कुठे आहे?” ती उठली. “म्लिन्त्सीवर घालायला.”

“ही काय, आई.” बेथनीने तपकिरी रश्श्याचं भांडं पुढे केलं. “सगळी ह्यात घातली. पीठ लावून दाट केलंय.”

सगळी! यालझाचे म्लिन्त्सी परातीत ओले, पांढरेफटक पडून होते, आंघोळ झालेल्या आणि कपडे न मिळालेल्या माणसांसारखे. आणि तेवढ्यात इम्ब्रोने हात पुढे केला. ढीगभर म्लिन्त्सी वाढून घेतले, त्यावर सुनेचा रस्सा ओतला आणि खाऊ लागला. यालझाच्या डोळ्यांदेखत. नवऱ्याला परक्या बाईबरोबर नाचताना पाहिलं असतं तरी तिला एवढं लागलं नसतं. नाचता त्याला येतच नव्हतं.

“आता,” बेथनी म्हणाली, “आमच्याकडे प्रत्येक जण सांगतो, कुणाचे आभार मानायचेत. मी आईंचे मानते. त्यांनी मला सगळ्यांत मोठी टर्की दिली.” आणि तिचे डोळे भरून आले. “तिकडे आत्ता सकाळ, सगळे जमायला लागले असतील. पण मला इथेही घर आहे.”

त्रेझाने पाद्रीबाबांचे आभार मानले, कारण तिला दुसरं कुणी सुचलं नाही. क्रेशोने बायकोचे मानले. यालझा म्हणाली, “देवाचे,” आणि तोंड मिटलं.

इम्ब्रोने पेला उचलला.

“मी बोल्तेकचे मानतो.”

क्रेशोची वाइन नाकात गेली.

“बोल्तेक कोण?” बेथनीने विचारलं.

“घरचाच होता. म्हातारा.”

“अरेरे! वारले? कधी?”

“मंगळवारी.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही!” तिने सासऱ्याच्या हातावर हात ठेवला.

इम्ब्रोने पावाने ताट पुसलं, शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि सुनेला म्हणाला, “छान झालंय.”

त्रेझाचा काटा हवेत राहिला. उद्या सकाळपर्यंत अख्ख्या डोंगराला कळणार होतं.

सकाळी बेथनी खाली आली ती यालझाच्या गळ्यातच पडली. “क्रेशोने सांगितलं! आई, तुम्ही तुमचा एकुलता एक नर माझ्या सणासाठी दिलात!”

यालझा खांबासारखी उभी राहिली. ही पोर माणसाला धड दुष्टपणाही करू देईना.

ती गेली, तशी यालझा लाकडं फोडणाऱ्या इम्ब्रोसमोर जाऊन उभी राहिली.

“छान झालंय? म्हाताऱ्या, मी तुला आयुष्यभर टर्की खाऊ घातली. कधी फुटलं तुझं तोंड?”

“तुझी छानच असते.”

“मग बोलला का नाहीस?”

“त्यात काय बोलायचं? ऊन पडलं तर माणूस सूर्याला सांगतो का?” त्याने ओंडका उभा केला. “कोवळी टर्की कुणीही भाजेल. तू तिला कोवळी दिली असतीस तर मी खाऊन उठलो असतो. पण पोरीने बोल्तेक मऊ केला, म्हातारे. बोल्तेक! त्याला तरी काही म्हणायला नको?”

यालझाने पायाशी पडलेली ढलपी लाथेने उडवली.

“आणि वसंतात अंडी घालायला लागतील माद्या,” इम्ब्रो कुऱ्हाड उचलत म्हणाला, “तेव्हा नर कुणाकडे मागायचा, तोही विचार करून ठेव. त्रेझाकडे आहे एक.”

त्या दिवशी यालझाने तीनदा भांडी घासली. स्वच्छ भांडीसुद्धा घासली. रात्रीच्या जेवणापर्यंत तिच्या ध्यानात आलं होतं. सुनेचं कौतुक तिने स्वतःच्या हाताने, पिसं काढून, वरपर्यंत नेऊन दिलं होतं.

नाताळ जवळ आला तसा क्रेशो चाचरत म्हणाला, “आई, ह्या वर्षी वाटलं होतं की बेथनी...”

“करू दे की,” यालझा म्हणाली.

ती मन बदलायच्या आत क्रेशो जिना चढला.

यालझाने कळपातली सर्वांत कोवळी, सर्वांत गुबगुबीत मादी निवडली. घशात ब्रँडीचा घोट घातला, चांगला मोठा घातला. म्लिन्त्सीसाठी चरबी बाजूला कशी काढायची तेही सुनेला नीट शिकवलं. जे जे चांगलं करता येईल ते ते केलं. एवढ्या मनापासून यालझाने कुणाचं वाईट कधी चिंतलं नसेल.

नाताळच्या दुपारी टर्की टेबलावर आली. सोनेरी, कुरकुरीत, आतून रसरशीत. क्रेशोने बोटं चाटली. इम्ब्रोने खाल्लं, पुन्हा वाढून घेतलं, पावाने ताट लख्ख पुसलं आणि पाइप घेऊन बाहेर गेला.

बेथनी दाराकडे बघत राहिली. यालझाने स्वतःला वाइन ओतून घेतली. झकास लागली.

मग दोघी भांडी घासायला बसल्या. बेथनी बराच वेळ एकच ताट घासत होती.

“आई, बाबांना आवडली नाही का?”

“हातातलं ताट कुणाचं आहे?”

“बाबांचं.”

“घासायच्या आधी काही होतं त्यात?”

“नाही.” तिने नाक ओढलं. “पण काही बोलले नाहीत. बोल्तेकला छान म्हणाले होते. ही त्याच्याहून चांगली झाली होती. त्या म्हाताऱ्याला म्हणाले आणि हिला नाही!”

तिचे ओठ घट्ट मिटले होते, गाल जास्तच लाल झाले होते आणि नजर दारावर खिळली होती. यालझाने ते तोंड लगेच ओळखलं. चुलीवरच्या छोट्या आरशात कितीतरी नाताळ तिने तेच पाहिलं होतं.

“उठ,” यालझा म्हणाली, आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेली शेवटची तंगडी काढून दोघींच्या मध्ये ठेवली. “खा. आणि ते ताट सोड आता. झिजेल.”