बाजूच्या सीटवरून बंगळूर

मी पाचवी ते सातवीला भूगोल शिकवते आणि या प्रवासाआधी पुण्याच्या पुढे कधी गेले नव्हते. आधीच कबूल केलेलं बरं. फिरायचे ते आमचे हे. तेव्हा पंधरा वर्षं ट्रकवर होते. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यातल्या चार दिवाळ्या आम्ही एकत्र केल्या. बाकीच्या वेळी ते कुठल्या तरी राज्यात आणि मी सापगावात, त्यांच्या वाटणीच्या करंज्या शेजारी वाटत.

त्या वर्षी शहापूरच्या एका शाळेला बससाठी ड्रायव्हर हवा होता. पगार कमी, पण संध्याकाळी पाचला माणूस घरी. दिवाळीनंतर उत्तर द्या, असा निरोप आला होता. मी म्हटलं, घ्या. हे म्हणाले, बघू. ‘बघू’ म्हणजे नाही, हे बारा वर्षांत मला कळायला लागलं होतं. आठवडाभर भाकरी थापताना माझा हात जरा जोरातच पडत होता. शेवटी त्यांनीच तोडगा काढला.

"दिवाळीत बंगलोरची खेप हाय," ते म्हणाले. "किन्नर गावाला चाललाय. तू ये बाजूला. मी काय करतो ता बघ. बघून पन सोड बोललीस, तर सोडतो."

किन्नर म्हणजे ट्रकचा क्लीनर. शाळेला सुट्टी होतीच. लेकीला म्हसा गावी माझ्या आईकडे ठेवलं, भाकऱ्या, सुकट, लसणाची चटणी बांधून घेतली आणि नवऱ्याच्या ट्रकवर मी किन्नर म्हणून रुजू झाले.

पहिला दिवस मुंबईत विमानतळाच्या कार्गोत गेला. माल होता एका परदेशी बँडचा. इंडस्ट्रियल मेटल नावाचं संगीत असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. युरोप झाला, दुबई झाली, आता पुणे आणि बंगळूर, मग जपान, असा सात महिन्यांचा दौरा. ही माहिती शर्वरीने दिली. आयोजकांकडून आलेली ही पुण्याची मुलगी, जर्मन आणि मराठी दोन्ही फडाफडा बोलणारी. बहुतेक सामान काळ्या पेट्यांत कुलूपबंद होतं. पेटीत न मावणारं तेवढं मोकळं: गंजलेली पिंपं, पत्रे आणि विहिरीच्या रहाटासारखं एक भलंमोठं लोखंडी चाक, स्टँडवर बसवलेलं, फिरवायला दांडा असलेलं. ते चाक योनास नावाच्या त्यांच्या ड्रमवाल्याने कुणाला हात लावू दिलं नाही. स्वतः केबिनच्या पाठीमागे उभं करून दोराने बांधलं. स्टेजच्या सजावटीचं असणार, असं आम्ही ठरवून टाकलं.

पुण्याचा कार्यक्रम आम्ही पाहिलाच नाही. शहरात ट्रकला बंदी, म्हणून सामान उतरवून गाडी बाहेर उभी केली आणि परत भरायला बोलावल्यावर गेलो. ही चूक पुढे महागात पडली.

पुढचा रस्ता तेव्हा चौपदरी होत होता, म्हणजे निम्मा रस्ता आणि निम्मा वळसा. ट्रकमधून जायची हौस असलेल्या बायकांना सांगते: ढाब्यापेक्षा पेट्रोल पंपावर थांबा, पाणी असतं. पाठीला उशी घ्या. आणि ड्रायव्हरशी गप्पा मारायला मिळतील, असं समजू नका. आमचे हे गाडीत रेडिओही लावत नाहीत. सगळा वेळ गाडी ऐकत बसतात. खंबाटकीच्या अलीकडे त्यांनी एकदम गाडी बाजूला घेतली. मला काही ऐकू आलं नव्हतं. मागच्या जोडटायरांच्या मधून सुपारीएवढा दगड काढून ते परत येऊन बसले. टायर फाटला असता, एवढंच म्हणाले. मला माझ्या माणसाचं त्या क्षणी फार कौतुक वाटलं, आणि हे कौतुक मला बारा वर्षं उशिरा वाटतंय, याचं वाईटही.

एक आवाज मात्र मलाही येत होता. खड्डा आला की पाठीमागचं ते चाक हलायचं आणि किंचाळायचं. कर्रर्र. दाढ दुखायला लागावी असा आवाज. साताऱ्यापर्यंत ह्यांनी कसाबसा काढला. साताऱ्याला पाणी प्यायला थांबलो, तर गृहस्थ ग्रीसगन घेऊन मागे चढलेले. चाक पुसलं, दोन्ही बाजूंनी ग्रीस भरलं, फिरवून फिरवून मुरवलं. पाव्हणे लांबून आलेत, त्यांना कुणी काळजीवाहू माणूस भेटला नसेल, असं म्हणत हात पुसले. चाक लोण्यासारखं फिरायला लागलं. मीच म्हटलं, छान केलंत.

कोल्हापूरला मिसळ खाल्ली, निपाणीनंतर पाट्यांची अक्षरं बदलली. हुबळीजवळ काळी माती सुरू झाली, जी मी दरवर्षी फळ्यावर खडूने रंगवते. दावणगिऱ्यात बारा रुपयांत लोणी-डोसा मिळाला, त्यासाठी पुन्हा एवढं लांब जायची माझी तयारी आहे. चित्रदुर्गाच्या डोंगरांवर पवनचक्क्या दिसल्या आणि मी शाळकरी पोरीसारखी बोट दाखवत सुटले. ह्यांनी गाडी हळू केली. शंभरदा पाहिलेल्या पवनचक्क्या त्यांनी माझ्याबरोबर पुन्हा पाहिल्या. तेव्हाच माझं मन डळमळायला लागलं होतं. ह्या माणसाला शाळेच्या बसमध्ये कोंबायचं? शहापूर ते आसनगाव आणि आसनगाव ते शहापूर?

बंगळूरच्या मैदानावर दुपारी सामान उतरलं. चारच्या सुमारास योनासने चाक स्टेजवर घेतलं, समोर माइक लावला आणि दांडा फिरवला. काहीच आवाज आला नाही. त्याने पुन्हा फिरवला. मग खाली वाकून बोट लावलं, वास घेतला आणि तिथेच बसला.

शर्वरी धावत आमच्याकडे आली. त्यांच्या सगळ्यात मोठ्या गाण्याची सुरुवात त्या किंचाळण्याने होते, ती म्हणाली. योनासच्या गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला, तिथलं चाक आहे. त्याचे वडील त्या कारखान्यात होते.

ह्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. गप्प बसले असते तरी चाललं असतं. ग्रीस कोणी भरलं, हे कोणाला ठाऊक होतं? पण ते सरळ स्टेजवर गेले आणि योनासपुढे हात जोडून उभे राहिले.

"ग्रीस मी मारला," ते म्हणाले. "मला वाटला, आवाज म्हंजे बिघाड. आता मीच काढतो. त्याला बोल पोरी, येक तास दे."

डिझेलने धुतलं, मग रॉकेलने, मग कपड्यांच्या साबणाने. चहावाल्याच्या स्टोव्हवर आस तापवून कोरडा केला. चाक आता खरखरत होतं, किंचाळत नव्हतं. मुरलेला गंजच पुसून गेला होता. हे कपाळ धरून बसले. मग एकाएकी माझ्याकडे बघून म्हणाले, "राळ आन गो. मिलंल तिथून आन."

ह्यांचं बालपण वैशाखऱ्याला पिठाच्या गिरणीत गेलं. गिरणीचा पट्टा सरकू नये म्हणून सासरे त्याला राळेची पूड लावायचे, आणि ती जास्त झाली की पट्टा असा ओरडायचा की दळण घेऊन आलेल्या बायका कानावर हात ठेवायच्या. मी आणि शर्वरी रिक्षाने निघालो. धूप-उदबत्तीच्या तिसऱ्या दुकानात राळ मिळाली. परतताना ती मांडीवर पुडीत धरून मी देवाला म्हणत होते की, माझ्या माणसाची मान खाली जाऊ देऊ नकोस. पाच वर्षांच्या लेकरासाठी मागावं, तसं मागत होते.

ह्यांनी पूड चिमटी-चिमटीने आसावर भुरभुरली. योनास दांडा फिरवायचा, हे लोखंडाला कान लावायचे. एकाला मराठी येत नव्हती, दुसऱ्याला जर्मन, आणि शर्वरीला काही काम उरलं नव्हतं. सातव्या-आठव्या खेपेला चाक ओरडलं. आधीसारखं नाही, जाड आणि खालच्या पट्टीत. योनासने डोळे मिटून तो आवाज परत परत काढला. मग काहीतरी बोलला. शर्वरीने सांगितलं, "म्हणतोय, हा कारखान्याचा आवाज नाही. पण घरचा वाटतो."

कार्यक्रम आम्ही स्टेजच्या कडेला उभं राहून पाहिला, कानात कापूस घालून. खरं सांगते, संगीत मला झेपलं नाही. पण अंधार झाला, हजारो पोरं गप्प झाली आणि आधी फक्त ते चाक ओरडलं, तेव्हा ह्यांनी चारचौघांत माझा हात धरला.

"बाबाची गिरण," ते म्हणाले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

त्या क्षणी मी ठरवलं की ह्यांना ट्रकची लाईन सोडायला सांगायचं नाही. एवढे कान असलेला माणूस लांबच्या रस्त्यावरच हवा. परतीच्या वाटेवर मी वाक्यं जुळवत होते. मुंबईत सामान जपानसाठी उतरवलं, तोवर भाषण पाठ झालं होतं. घरी जाऊन, हातपाय धुऊन सांगणार होते.

सापगावात गाडी उभी केली. मी चहा टाकला आणि म्हटलं, अहो, त्या बसबद्दल. त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही.

"येताना कोल्हापुरात तू भाजी बघत व्हतीस ना, तवाच फोन केला मी शाळंला," ते म्हणाले. "हो बोललो. आता बाजूची सीट रिकामी घेऊन नाय जाववत मला."

याला तीन वर्षं झाली. हे रोज पाचला घरी येतात. दिवाळीला करंज्या मी शेजारी वाटत नाही, उरतच नाहीत. कधीकधी जेवताना हायवेवरून एखादी भरलेली गाडी जाते, तेव्हा ह्यांचा घास हातात थांबतो. कुठला माल, किती टन, हे त्यांना आवाजावरून कळतं. मी वाढत राहते.

मी तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं की तुम्ही जा, मी राहीन. वाक्य तयार होतं, तोंडापर्यंत आलेलं होतं. पण तो माणूस समोर बसून बशीत चहा ओतत होता आणि मला तो घरी हवा होता. मी गिळलं. हे काही ब्लॉग वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिलं.