रक्तगटाचा तक्ता

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. चौऱ्याहत्तर साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भर दुपारी, मंगरूळपीरजवळच्या तिच्या सासरी. त्याचं हत्यार मी छापलं होतं.

आम्ही बौद्ध वस्तीतली पाच-सहा पोरं तेव्हा पत्रकं काढायचो. रक्ताला जात नसते हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून बहिणीच्या गावात रक्तगट तपासणीचं शिबिर घेतलं. बोटाला सुई, काचपट्टीवर थेंब, आणि हातात गटाचं कार्ड. पत्रकाची मागची बाजू कोरी राहत होती आणि कोरी बाजू आमच्या लेखी गुन्हा. मी तिथं पुस्तकातला तक्ता टाकला. आईबापाचे गट अमुक, तर लेकराचा कोणता निघू शकतो आणि कोणता नाही. खाली ठळक ओळ: रक्त खोटं बोलत नाही.

भाऊजी ‘ओ’ निघाले. बहीण ‘ए’. त्यांचं तीन वर्षांचं पोरगं ‘बी’.

माझ्या तक्त्यात अशा घरी ‘बी’ला जागाच नव्हती. तिच्या चुलत दिरानं तो चावडीवर मोठ्यानं वाचला. सासू म्हणाली, आमच्या घरात मामाची पोरगीच सून म्हणून येते, मीही तशीच आले. बाहेरची आणली की हे असं होतं. करीच्या दिवशी बैलालासुद्धा कोणी जुंपत नाही. त्या दिवशी तिला पोरासकट एसटीत बसवून दिलं.

ती दारात आली. आईनं पाणी दिलं. मी विचारलं, “खरं सांग बाई, पोरगं कोनाचं हाय?”

तिनं पोरगं कडेवरून खाली उतरवलं. मग म्हणाली, “तुले बी कार्डच दिसून राह्यलं काय रे?”

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, नाही बोलली.

तिसऱ्या वर्षी भाऊजींच्या पोटाचं ऑपरेशन निघालं, अकोल्याला. ‘ओ’ रक्त हवं, असा निरोप आला. मी ‘ओ’. रक्तदानाची पत्रकं काढणारा नाही कसं म्हणेल? गेलो. माझं रक्त त्यांच्या रक्ताशी जुळवून पाहिलं तर गुठळ्या झाल्या. दुसऱ्या ‘ओ’चंही तेच. शेवटी रक्ताविनाच ऑपरेशन झालं, वाचले. रक्तपेढीतल्या डॉक्टरीणबाईंनी नमुना मुंबईला पाठवला, आणि निकाल आल्यावर मला नि भाऊजींना समोर बसवलं.

त्यांनी समजावलं ते असं. रक्ताच्या पेशीवर साखर चिकटवणारे कारागीर असतात. कोणता कारागीर मिळणार हे आईबापावरून ठरतं. एक जण आधी पायाची साखर बसवतो, मग तिच्यावर ‘ए’चा किंवा ‘बी’चा कारागीर आपली साखर चढवतो. भाऊजींकडं ‘बी’चा कारागीर होता, पण पाया घालणाराच नव्हता. त्याला काम मिळेना, म्हणून चाचणीत ते ‘ओ’ दिसले. पोराला तो ‘बी’वाला बापाकडून मिळाला आणि पाया घालणारा माझ्या बहिणीकडून. पोरगं त्यांचंच. असा दोष दोन्ही बाजूंनी आला तरच दिसतो, नात्यातल्या लग्नात जास्त. आईवडील नात्यातले का, असं बाईंनी विचारलं. भाऊजींनी मान खाली घालून हो म्हटलं.

“हे कारागीर माणसाच्याही आधीचे आहेत, माकडांतही सापडतात,” बाई मला म्हणाल्या. “तुमचा तक्ता त्यांनी वाचलेला नाही.”

भाऊजी तो कागद घेऊन आमच्या दारी आले, तिला न्यायला. तिनं कागद हातातही घेतला नाही.

“कागदानं काढलं, अन् आता कागदानंच नेता काय मले? पोरगं तुमचंच हाय म्हून मी सांगतलं तवा काय झालं होतं?”

ते गेले. ती आजही दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचते. पोरगं शाळेत जातं. तिथं त्याला ‘बी’ म्हणूनच हाक मारतात.

विज्ञान चुकलं नव्हतं. अर्धवट विज्ञानावर आम्ही एका बाईचा निवाडा केला, आणि तिच्या तोंडचं पुरं खरं ऐकलं नाही. तुमच्या गावात असल्या कार्डावरून कोणी माहेरी बसली असेल, तर मुंबईच्या निकालाची वाट पाहू नका. ज्या चावडीवर तिची अब्रू काढली, त्याच चावडीवर उभे राहा आणि आमी चुकलो म्हणा. आजच.