आईला सोडून सगळ्यांना

बारामतीच्या एमआयडीसीत आमच्या दुधाच्या प्लांटला आत फोन न्यायला बंदी हाय. दुपारी लॉकर उघडलं, की कँटीनमध्ये भाकरी कमी आन पोरांच्या फोनच्या तक्रारी जास्त! दिवसाकाठी पिशव्या दुधाच्या भरत्यात का किश्श्यांच्या, कळत न्हाय. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसते. पण खरं सांगू? माझी वैष्णवी, अकरावीला हाय, सगळ्या जगाला स्टेटस दाखवती आन मला तेवढं हाईड! काय लपवत असंल ही पोरगी, ह्या विचारानं घास उतरत न्हाय.

आता संगीताचंच घ्या, माझ्या शेजारी बसती ती. तिचा सोहम दहावीला. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर चढला, गॉगल लावला आन रील टाकली, ‘शेतकऱ्याचा वाघ’. उसाला पाणी द्यायला जा म्हणलं, की वाघाची पाठ दुखती! शेवटी बापानंच रीलखाली कॉमेंट टाकली, “वाघा, मोटार चालू करून ये.” निम्म्या गावानं त्या कॉमेंटला लाईक केलं.

वाघानं बापाला ब्लॉक केलं!

आमच्या टेबलावरच्या शोभाची पोरगी आतल्या खोलीत असती, पण हाकेला ओ न्हाय. मेसेज केला तर निळ्या टिका येत्यात, पोरगी येत न्हाय. वैतागून शोभानं स्टेटसच टाकलं, “मटण झालंय, जेवायला या.” पोरगी काय हलली न्हाय. जवळच्या जळोची गावची नणंद मात्र चार माणसं घेऊन दारात हजर! आन वर म्हणती कशी, “बरं झालं वहिनी, आठवण ठेवली.”

आमचं सुपरवायझर तात्या लय कडक. “पोरांना काय घाबरता? फोन काढून घ्यायचा, विषय संपला!” घरी जाऊन घेतला पोराचा काढून. दुसऱ्या दिवशी तात्या कँटीनमध्ये स्वतःचा फोन घेऊन आमच्यापुढं उभं. “हे कुणाला उघडतंय का बघा.” पोरानं बापाचाच पासवर्ड बदललेला! संध्याकाळी चावडीवर तह करावा तसं बापानं फोन परत केला आन पोरानं पासवर्ड सांगितला. तात्या आता सल्ला देत न्हाईत.

मग मीच डोकं चालवलं. संगीताला धरून इन्स्टावर गुलाबाचा फोटो लावून खोटं अकाउंट काढलं. नाव ‘स्वीट प्रिया’. कँटीनमधनंच वैष्णवीला रिक्वेस्ट पाठवली. पाच मिनिटांत एक्सेप्ट! वर मेसेज पण आला.

“आई, येताना कोथिंबीर आण.”

आन लगेच ब्लॉक.

घरी जाऊन मी लय बोलले तिला. “आईपास्नं लपवण्यासारखं हाय तरी काय तुझं?”

“तुला न्हाय कळायचं, आई,” म्हणली आन दार लावून घेतलं. कोथिंबीर तशीच हातात धरून उभी राहिले मी. पोरगी हातची गेली का काय, असं वाटलं. वाईट वाटलं, राग आला, सगळंच झालं.

परवा जेवताना संगीता स्टेटस बघत बसलेली. “अगंबाई, वैष्णवीचं...” म्हणली आन फोन पालथा घातला. फोन हिसकावूनच घेतला तिच्याकडनं.

फोटो माझाच! पाठमोरी, अंगात कंपनीचा निळा ॲप्रन, हातात डब्याची पिशवी, गेटातून आत चाललेली. खाली लिहिलेलं, “माझी आई. हिच्या जिवावर शिकतीय. तिला हाईड केलंय, न्हायतर कँटीनभर दाखवत सुटंल.”

“कार्टी!” मी म्हणलं आन पदरानं डोळं पुसलं.

घंटा झाली तरी मला पत्ता न्हाय. तात्या माझ्यापाशी आलं, तर त्यांच्यापुढं पण फोन धरला.

“ताई, संगीताचा फोन द्या तिला. आन चला आता, हा फोटो मला तुमी तिसऱ्यांदा दाखवताय!”