पायरीवरची ओटी

परमुलखात लॉजचा मालक मराठी निघाला की आपल्या लोकांना कोण आनंद होतो. मी मात्र अजूनही दुसरं लॉज शोधते.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आईला क्षय झाला होता. बेंगळूरच्या एका सॅनेटोरियममध्ये ओळखीने खाट मिळाली होती. दिल्या दिवशी हजर झालो नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. वडिलांना रजा मिळेना, म्हणून हुबळीहून मी एकटीच तिला घेऊन निघाले. सकाळी पोचायची गाडी दिवस मावळताना पोचली. सॅनेटोरियमचं दार आता सकाळीच उघडणार; तोवर खाट राखून होती, पण एक रात्र कुठेतरी काढणं आलं. ती निभली की खाट आमची होती.

खोकणाऱ्या माणसाला खोली कोण देणार? दोन ठिकाणी आई जिन्यातच खोकली आणि आम्ही आल्या पावली परत फिरलो. चिकपेटेत एका कापडदुकानाच्या वर तिसरं लॉज होतं. नशिबाने तिथे तिला ढास लागली नाही. बाप्या माणूस बरोबर नाही म्हणून मालक आधी कुरकुरले, पण आमचं मराठी कानावर पडताच खुलले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. आजारी कुणी नाही ना, एवढं त्यांनी विचारलं. प्रवासाची दगदग झालीय, असं मी बेधडक सांगितलं.

खोलीला खिडकी नव्हती. भिंतीला ओल, गादीत ढेकणांची वस्ती, आणि पडद्यापलीकडे मालकांचाच संसार. आपली माणसं म्हणून त्यांनी आम्हाला घराला लागून ठेवलं होतं! आई पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली. तिला ढास लागली की मी बादली आपटायची. सकाळ होईपर्यंत आणखी किती वेळा बादली आपटणार, या विचाराने मला रडू फुटायला आलं होतं.

जेवणं आटोपल्यावर मालकीणबाई आल्या. एका हातात ओटीचं ताट, दुसऱ्या हातावर लेकीचं तान्हं बाळ. दारी सवाष्ण आली आहे, तिने नातवाला मांडीवर घ्यावं अशी त्यांची हौस.  आईला लहान मुलांचं वेड होतं. तिने हात जोडले आणि अंग चोरून भिंतीला टेकली.

"आमचं लेकरू चालत नाही काय तुम्हाला, अक्का?" बाई दुखावून म्हणाल्या.

मला सुचेल ते मी बोलले. आई बाहेरची आहे, तिला शिवायचं नाही, असं सांगून टाकलं. स्वतःच्या हुशारीवर मी क्षणभर खूशही झाले. बाईंनी ताट लगेच मागे सारलं. पण मग त्या हसल्या. तान्ह्याला कसला विटाळ, अंगडं काढलं की झालं, म्हणाल्या. ही रीत आमच्याही घरी होतीच; नेमकी त्याच वेळी मी ती विसरले. बोलता बोलता त्यांनी बाळाचं अंगडं उतरवलं आणि उघडं पोर आईच्या मांडीकडे नेलं. त्याने हात पसरले.

मी आईला डोळ्यांनी दटावत होते. बोलू नकोस, खोली जाईल, तू जाशील.

"जवळ आणू नका त्याला," आई म्हणाली. "मला क्षय आहे."

बाईंनी बाळ छातीशी घट्ट धरलं आणि त्या मागे सरकत दाराबाहेर गेल्या. मालकांनी आवाज चढवला नाही. घरात बाळंतीण आहे अक्का, एवढंच म्हणाले आणि आमची वळकटी स्वतः जिन्यापर्यंत आणून ठेवली. मला त्यांचा संताप आला, त्याहून जास्त आईचा. खाली कापडदुकानाच्या बंद फळ्यांपाशी पायरीवर बसलो. थंडी मी म्हणत होती. मी विचारलं, आता सकाळपर्यंत तुला काही झालं तर? आई म्हणाली, "त्याचं अंग किती गोरंपान होतं, पाहिलंस?" आणि मनसोक्त खोकली.

थोड्या वेळाने जिन्यात कंदील दिसला. मालकीणबाई ओटीचं ताट घेऊन एकट्याच उतरल्या होत्या. आई बाहेरची असल्याचं माझं खोटं त्यांना कळून चुकलं होतं. आई उठून उभी राहिली आणि सवयीने तिने पदर पसरला.

बाई दोन पायऱ्या वरच थांबल्या. खण, नारळ, मूठभर तांदूळ त्यांनी पायरीवर ठेवले, लांबूनच नमस्कार केला आणि डोळे पुसत वर गेल्या.

आईचा पदर पसरलेलाच होता. मग ती वाकली, तिने तो नारळ उचलून आपल्याच हाताने आपल्या ओटीत घातला, आणि गाठ मारली.