वणव्यातला तित्तर

तित्तर ओरडला की अजूनही मी हातातलं काम टाकून बाहेर येतो. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत चैन पडत नाही. बायको विचारते, एवढं काय आहे त्या तित्तरात? मी म्हणतो, जुनी सवय.

बाहत्तरच्या दुष्काळाआधीचा फाल्गुन होता. आम्ही तिघे नगरला कॉलेजात, रविवारी माळावर पाखरं बघत हिंडणारे. एक मी. दुसरा एका निवृत्त सुभेदाराचा मुलगा, दुर्बिणीचा मालक आणि म्हणून आमचा पुढारी. तिसरा बेलापूरकडचा, माझ्याच खोलीत राहणारा. उसाच्या बांधावर वाढलेला हा गडी कुठल्याही पाखराची शीळ हुबेहूब घालायचा. माळावर हाका मारल्या की पाखरं उठतात, म्हणून हाक मारायची नाही हा आमचा नियम. कुणी वाट चुकला किंवा कुठं अडकला तर त्यानं तित्तराची शीळ घालायची. शिकवली बेलापूरवाल्यानंच. आम्हा दोघांना ती कधी धड जमली नाही.

त्या रविवारी पारनेरच्या अलीकडे एसटीतून उतरलो तर समोरच्या डोंगराला वणवा लागलेला. मेंढरं घेऊन घाईनं खाली येणारा एक म्हातारा म्हणाला, “वर जाऊ नका, पोरांनो. वारं फिरलं तर लई वंगाळ हाय.”

आम्ही कसले ऐकतोय! जळत्या गवतातून उडणारे टोळ टिपायला पाखरं वणव्याच्या कडेला जमतात, हे आम्ही वाचलेलं. आणि खरंच जमली होती. कोतवाल तर ज्वाळांच्या अंगावरून सूर मारत होते. नीळकंठ, घारी, खाटीक. इतकी पाखरं इतक्या जवळून मी कधी पाहिली नव्हती. घसा खवखवत होता, डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी मात्र हरखून यादी लिहीत होतो.

“ओढ्यात काय आहे ते बघून खालच्या रस्त्याला लागतो,” म्हणून बेलापूरचा उतरला, आणि थोड्याच वेळात वारं फिरलं. धूर असा खाली आला की शेजारी उभा असलेला माणूस दिसेना. आम्ही दोघे धडपडत एका नांगरलेल्या रानात आलो. तिथं जळायला काही नव्हतं. तो एव्हाना रस्त्यावर पोचला असेल, असं दोघंही म्हणालो.

दुर्बीणवाला पालथा पडून खोकत होता. तेवढ्यात धुरातून तित्तर ओरडला. थांबून पुन्हा ओरडला. मी पेन्सिल काढली आणि लिहिलं: ‘क्रमांक आठ. तित्तर. ओढ्याच्या अंगाला. आवाजावरून.’ एवढ्या धुरातही पक्षी ओळखला म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं. ते कौतुक मला आजही आठवतं, आणि त्याचीच सगळ्यात जास्त शरम वाटते. आग अंगावर येताना तित्तर ओरडत बसत नाही, पळतो. हे मला ठाऊक होतं. आवाज आणखी दोनदा आला आणि मग बंद झाला.

बऱ्याच वेळानं मघाचाच म्हातारा त्याला खांद्यावर घेऊन धुरातून आला. पाय घोट्यात मोडलेला, भुवया जळालेल्या, शुद्ध अर्धीमुर्धी. म्हातारा आमच्यावर खेकसला, “मगाधरनं शीळ घालतंय पोरगं. खालच्या वाटंला मला आयकू आलं. तुमाला न्हाई आलं व्हय?”

“नाही हो,” दुर्बीणवाला म्हणाला. मी वही मिटून खिशात घातली.

दवाखान्यात त्याचा आवाज घोगरा झाला होता, आणि छाती भाजल्यासारखी दुखत होती. मला धीर देत तोच म्हणाला, “आगीच्या कडकडाटात हाक विरते रे, म्हणून शीळ घातली. तुमच्यापर्यंत पोचली नसणार.” मी मान हलवली. कुठल्या तोंडानं हलवली, देव जाणे.

आमच्यात त्याचं अक्षर सुंदर, म्हणून पक्की यादी नेहमी तोच उतरवायचा. पंधरा दिवसांनी तो कुबडी टेकत खोलीवर परतला आणि व्हरांड्यातच बसून त्यानं माझी वही मागितली. आत जाऊन मी खोडरबर हातात घेतलं. मग मनाशी म्हटलं, खरंच तित्तर नव्हता कशावरून? खोडलं नाही. वही तशीच दिली.

दुसऱ्या दिवशी माझी वही आणि त्याची पक्की यादी टेबलावर ठेवून तो म्हणाला, “एकदा ताडून बघ.” आणि पाठ करून पुस्तकं आवरायला लागला.

मी बघितलं. सातव्या आकड्यापुढे खाटीक होता, नवव्यापुढे गायबगळा. आठवा आकडा नेहमीच्या वळणदार अक्षरात काढलेला होता आणि त्याच्यापुढची ओळ त्यानं कोरी सोडली होती.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.