मायचा रोट आणि माझं खोटं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिनं माझी चांगली हजेरी घेतली असती—आणि ती घ्यायलाच हवी होती. तुम्हाला सांगतो. ऐका.

आत्माराम, माझा धाकटा भाऊ. आम्ही त्याला आतू म्हणायचो. शहाद्याजवळ तापीकाठी आमच्या केळी. तिथंच तो दिवसभर रमायचा. पोरगा गोड, पण तोंडाचा फटकळ. म्हशीचं नाव त्यानं माझ्या सासूच्या नावावरून ठेवलं होतं—काय करायचं सांगा अशा माणसाचं?

ऐन पंचविशीत त्याच्या अंगावर सूज चढली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात कळलं, दोन्ही मूत्रपिंडं गेली. पोटात नळी घालून पाणी सोडायचं, घाणीसकट ते परत काढायचं. डॉक्टर त्याला डायलिसिस म्हणायचे. आतू म्हणायचा, "मन्हं पोट धुवाले टाकं." काही दिवस बरे जायचे, मग पुन्हा सूज, पुन्हा सुरतेवरून मुंबई. मीठ बंद, पाणीसुद्धा घोट-घोट. हे जन्मभराचं आहे, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं होतं. आणि थांबलं तर? तेही सांगितलं होतं.

श्रावणात परतीच्या गाडीत आतू म्हणाला, "भाऊ, आते बस. परत मुंबई नको. मायले तू सांग, मन्हाकन व्हत नही." मी भांडलो, रडलो, शिव्या दिल्या. तो आपला हसतोय. शेवटी मी हो म्हटलं. त्या होचं मला आजही वाईट वाटत नाही. थकलं होतं हो पोरगं!

माझी चूक पुढची आहे.

अंगणात माय वाट बघत उभी. तिचं तोंड पाहिलं आणि—खरं सांगवेना. मी म्हणालो, "माय, आतू बरा व्हई गया. आते मुंबईले जानं नही." आतूनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मायला मिठी मारली. खोटं मी बोललो, निभावलं त्यानं.

मायला आभाळ ठेंगणं झालं. त्यात कानबाई, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण, तोंडावर आलेली. कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, घरच्या भाऊबंदांनीच खायचा. परक्याला कणभरही द्यायचा नाही, लग्न झालेल्या लेकीलासुद्धा नाही. पण शेजारच्या फातमाबीनं, पिंजाऱ्याच्या बायकोनं, आमच्या मागं म्हैस सांभाळली होती, आतूसाठी दुवा मागितली होती. हरखलेल्या मायनं पदराखाली झाकून तिला रोटाचा तुकडा नेऊन दिला. आतूला कटाची आमटी वाटीवर वाटी वाढली. तो मिटक्या मारत प्याला. मी समोर बसून जेवलो.

पोळ्याआधी आतू गेला.

मायनं ऊर बडवून घेतला—रोट परक्या घरी गेला, कानबाई कोपली, "मीच मन्हा पोऱ्या खादा!" तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं ना? एवढंच तर म्हणायचं होतं—माय, तो बरा झालाच नव्हता. पण घरात माणसं होती. म्हटलं, बाराव्यानंतर बोलू. मग म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. खरं सांगू? ती माझं तोंड बघणार नाही, याची भीती होती. बाकी सगळ्या सबबी.

मायनं फातमाबीशी बोलणं टाकलं. कुडावरून ताक जायचं, भाजी यायची, ते थांबलं. आपलं काय चुकलं, हे त्या बाईला कधीच कळलं नाही. दर कानबाईला माय सगळ्यांसाठी रोट करायची, आणि स्वतः तोंडात घास घालायची नाही. माझी माय—जिनं आतूवर माझ्याहून जास्त माया केली, आणि मला ते कधी खुपलंही नाही, इतका तो लाघवी होता.

पुढं ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिनं माझा हात धरला. "कानबाई माले माफ करी का रे?"

घरात आम्ही दोघंच होतो. पलीकडे फातमाबी धुणं वाळत घालत होती.

मी मायच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणालो, "करी, माय."